सज्ञान असले म्हणून झालं का?

डॉक्टर आणि पेशंटचं प्रेम जमलं तर काही जण म्हणतात, दोघं सज्ञान आहेत मग प्रॉब्लेम काय. अहो, पेशंट आपलं सगळं उघडं करून सांगतो आणि डॉक्टर स्वतःबद्दल काही बोलत नाही, यात बरोबरी कुठली? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत कलम ७.४ ला स्पष्ट आहे, पेशंटशी अनुचित संबंध ठेवले तर शिस्तभंगाची कारवाई. मानसोपचारात तर अजूनच अवघड, तिथे पेशंटला डॉक्टरबद्दल ओढ वाटते ती बऱ्याचदा उपचारातूनच येते, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१५ मध्येच लिहून ठेवलंय.

आता आमच्या चोपडा-यावलकडच्या खेड्यात गावाला एकच डॉक्टर, तो प्रेमात पडला तर पेशंटच्याच पडणार ना :) पण मग आधी फाईल जळगावच्या दुसऱ्या डॉक्टरकडे द्या, काही महिने जाऊ द्या, आणि मग खुशाल भरीत पार्टीला बोलवा की.