मंडळीत माझ्याबद्दल कळलं, आता काय करू?

वऱ्हाडी_ढोलकवाला
बुलडाणा जिल्ह्यातलं खेडं, नाव नाही सांगत. मी गे आहे. लहानपणापासून मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ढोलक वाजवतो, बाबा पंच आहेत. कोणीतरी माझ्या मोबाईलमधले चॅट पाहिले अन् गोष्ट पाळकसाहेबापर्यंत गेली. आता ढोलक बंद, प्रभुभोजनाला पुढं येऊ नको म्हणे, अन् शुक्रवारी माझ्यासाठी उपास प्रार्थना ठेवून डोक्यावर हात ठेवून सैतान काढून राहिले. वरून एका डॉक्टरकडं नेतो म्हणतात, तो असे पोट्टे 'बरे' करते म्हणे. मले येशूले सोडायचं नाही. पण सगळेच चर्च असे असतात का? कॅथलिकवाले आशीर्वाद देतात म्हणे, खरं आहे का?

मिस्सावाला
अर्धं खरं. डिसेंबर 2023 मध्ये व्हॅटिकननं म्हटलं की फादर गे जोडप्याले आशीर्वाद देऊ शकते, पण लग्नासारखा विधी नाही करायचा. लग्न बाई-माणसाचंच, अन् असे संबंध पाप, ही शिकवण तशीच आहे. त्याच शिकवणीत गे माणसाले मानानं वागवा, भेदभाव करू नका हेबी लिहिलं आहे, ते मात्र कोणी वाचून दाखवत नाही. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं गे संबंधाले गुन्हा मानणारं कलम 377 परत आणलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ग्रेशिअस बोलले होते, की चर्च गे लोकांले गुन्हेगार मानत नाही.

वचन_प्रेमी
भाऊ राग नको मानू, पण बायबलातलं रोमकरांस पत्र, पहिला अध्याय वाच, असे संबंध पाप आहेत. पाळकसाहेब तुझ्या भल्यासाठीच करून राहिले.

नागपूरची_नर्सताई
@वचन_प्रेमी अध्याय पूर्ण वाचा ना दादा, पुढं चहाडखोर अन् मायबापाचं न ऐकणारेबी आहेत त्या यादीत. चॅट उघडून गावभर सांगणाऱ्यासाठी कोणता शुक्रवार ठेवला?

ढोलकवाल्या, त्या डॉक्टरकडं बिलकुल जाऊ नको. हा आजार नाही, अन् 2022 पासून नॅशनल मेडिकल कमिशननं असल्या 'उपचारा'ले डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे, हे बाबांले सरळ सांग. कायद्यानंबी गुन्हा नाही, 6 सप्टेंबर 2018 चा निकाल आहे. लग्नाले मान्यता 2023 मध्ये कोर्टानं दिली नाही, ते वेगळं. अन् एनसीसीआय, म्हणजे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, मार थोमा वगैरे चर्चची राष्ट्रीय परिषद, तिचं ऑफिस इथंच नागपुरात आहे, या विषयावर तिथं बरेच वर्षं काम चालू आहे. अर्थात सीएनआयचा प्रत्येक पाळक तसाच विचार करते असं नाही बापा, खेड्यात तर नाहीच.

वऱ्हाडी_ढोलकवाला
ताई आमची मंडळी स्वतंत्र आहे, कोणाले जोडलेली नाही. मग नागपूरवाले काय करतील?

नागपूरची_नर्सताई
तुझ्या पाळकाले हुकूम कोणीच देऊ शकत नाही. पण तुझ्याशी नीट बोलणारा एखादा पाळक सापडू शकते. आधी मोबाईलचा पासवर्ड बदल, आधार अन् मार्कशीट स्वतःजवळ ठेव, मग मले मेसेज कर.