सबवूफर कोपऱ्यात लई घुमतोय, कुठं ठेवू?

राजारामपुरीकर:
मंडळी, खोली १५ बाय ११ फूट, स्लॅब १० फुटावर, विटांच्या भिंती. दहा इंची सब (सबवूफर, खालच्या सुरांचा म्हणजे बासचा स्पीकर) टीव्हीशेजारी कोपऱ्यात आहे, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. सोफ्यावर बसलं की काही सूर नुसते घुमतात, खुर्ची मधोमध घेतली की बास गायब. दुकानदार म्हणतो बारा इंची घ्या. भिंतींना फोम लावू का?

पेठेतला_साउंडवाला:
भावा, बारा इंची घेऊ नको. त्यानं हेच जास्त जोरात घुमेल. १५ फूट लांबीत साधारण ३७-३८ हर्ट्झचा आवाज दोन भिंतींत अडकतो, ११ फूट रुंदीत ५१च्या आसपासचा. भिंतीलगत तो फुगतो, मधोमध मरतो. कोपऱ्यातला सब हे सगळं एकदम चेतवतो. त्यात आपल्या विटांच्या भिंती, जवळपास सगळा बास परत फेकतात. फोमवर तर एक रुपया घालू नको. ३७ हर्ट्झची लाट तीस फुटांची असते, दोन इंची फोम तिला काय अडवणार?

आधी सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं ओढ. मग सब उचलून सोफ्यावर ठेव, तुझ्या नेहमीच्या जागेवर, आणि बास गिटारचा चढता-उतरता तुकडा सलग लाव. आता भिंतीच्या कडेकडेनं गुडघ्यांवर फिर, कान सबच्या उंचीला. जिथं एकही सूर फुगत नाही, एकही गिळला जात नाही, तिथं खडूनं खूण कर. सबची जागा तीच. पंखा बंद कर, शोकेसच्या काचा थरथरतात त्याही आधी आवळून घे. आणि जोरात वाजतंय म्हणून भुलू नको, सारखं वाजतंय का ते ऐक.

रंकाळा_९०:
बजेट असेल तर बारा इंचीऐवजी तसलाच दुसरा दहा इंची घे. एक पुढच्या भिंतीच्या मधोमध, दुसरा मागच्या. लांबीतला पहिला घुमार दोघं मिळून मारतात, रुंदीतला तर उठतच नाही. हर्मन या ऑडिओ कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली हे नीट मांडलंय.

राजारामपुरीकर:
मागच्या भिंतीत मधोमध दरवाजा आहे हो.

पेठेतला_साउंडवाला:
मग फूटभर बाजूला सरकव आणि मोजून बघ. आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, फक्त माइक लागेल. उरलेला फुगवटा इक्वलायझरनं काप, पण खड्डा, म्हणजे जिथं सूर गिळला जातो तो, आवाज वाढवून भरायला जाऊ नको. ॲम्प तापेल, खड्डा तसाच राहील.