मदत हवी आहे: संभाजीनगरात दोन रात्रींसाठी मोक्याच्या जागी, मध्यम भाड्याचं हॉटेल (तातडीने)

गंगाखेडची_लेक
पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला दोन रात्री मुक्काम आहे. हॉटेल भारीतलं नको, अगदी साधं लॉजही नको. भाडं दोन-अडीच हजारांपर्यंत, खोली स्वच्छ आणि जागा मोक्याची हवी. अ‍ॅपवर ढीगभर हॉटेलं दिसतात आणि सगळ्यांनीच 'शहराच्या मध्यभागी' लिहिलंय. तीन संध्याकाळी यातच गेल्या. जे स्वतः राहिलेत त्यांनीच सांगा, जरा लवकर.

सिडको_एन_पाच
मोक्याची म्हणजे कशाच्या जवळ? आपलं शहर आडवं पसरलंय. रेल्वे स्टेशन एका अंगाला, चिकलठाण्याचं विमानतळ पार दुसऱ्या अंगाला. मध्यवर्ती बसस्टँड वेगळा, सिडकोचा वेगळा. काम कुठे आहे ते सांगा, मग बोलू.

गंगाखेडची_लेक
कोर्टात काम आहे. कोर्टाच्या जवळचं सांगा.

जालन्याचा_भाऊ
स्टेशन रोड. डोळे झाकून घ्या. मी वीस वर्षं धंद्यासाठी येतोय, दुसरीकडे कधी उतरलो नाही. गाडीतून उतरलं की पायी हॉटेल, खाली चहा, समोर रिक्षा. कोर्टात जायला रिक्षा कधीही मिळते.

सिडको_एन_पाच
भाऊ, तुम्ही एकटे, हातात एक बॅग. प्रत्येकाचं तसं नसतं. आणि ताई, कोर्ट कोणतं? जिल्हा न्यायालय अदालत रोडला, म्हणजे क्रांती चौकाकडे. हायकोर्टाचं खंडपीठ जालना रोडवर, सेव्हन हिल्सच्या पुढे, सिडको बसस्टँडच्या अलीकडे. रिक्षावाल्याला नुसतं 'कोर्ट' सांगितलं तर तो भलतीकडे उतरवेल. एक पक्षकार असेच अदालत रोडला जाऊन बसले होते, तिकडे खंडपीठात त्यांचा पुकारा झाला.

गंगाखेडची_लेक
खंडपीठ. जमिनीचा दावा आहे, अप्पांच्या नावावर.

वेरूळवाटा
आलाच आहात तर लेणी बघूनच जा. सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ, त्याप्रमाणे दिवस ठरवा. वेरूळ तीस किलोमीटर, वाटेत दौलताबादचा किल्ला. घृष्णेश्वर तिथेच, लेण्यांपासून जवळ. अजिंठ्याला शंभर किलोमीटर जावं लागतं, फर्दापूरला मुक्काम केला तर सकाळी पहिल्या बसने वर जाता येतं.

गंगाखेडची_लेक
लेणी बघायला येत नाहीये. हॉटेलचं सांगा ना कुणीतरी.

पूर्णाकाठ
ताई, चिडू नका. किती जण येऊ लागलात, कोणत्या गाडीनं, अप्पांचं वय काय, काहीच सांगितलं नाही तुम्ही. आम्ही काय सांगावं?

गंगाखेडची_लेक
माफ करा. मी आणि अप्पा. अप्पा ७६ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. कल्याणहून देवगिरीने येतोय, पहाटे चार-साडेचारला उतरू. वकील साहेबांनी साडेनऊला बोलावलंय.

सिडको_एन_पाच
आता कळलं. तुमचा खरा प्रश्न हॉटेलचा नाहीच, पहाटे चार ते दुपारी बाराचा आहे. या भाड्याच्या हॉटेलांत चेक-इन बहुतेक दुपारी बाराला. पहाटे गेलात तर म्हणतील, लॉबीत बसा. लॉबीत एक सोफा, तोही बुटका. माझ्या सासऱ्यांना त्यातून उठवायला दोघं लागले होते.

जालन्याचा_भाऊ
म्हणूनच म्हणतो, स्टेशन रोड. तिकडे चोवीस तासांच्या हिशोबाचे लॉज आहेत. चारला घेतलं की दुसऱ्या दिवशी चारपर्यंत खोली तुमची.

पूर्णाकाठ
चोवीस तासवाल्यांत लिफ्ट असते का भाऊ? आणि संडास कसला? आईला घेऊन गेलो तेव्हा खोली चकाचक होती, आत बघितलं तर भारतीय पद्धतीचा. ती बिचारी दोन दिवस पाणीच कमी प्यायली. गुडघ्याच्या माणसाला आधी कमोड, मग बाकीचं.

लातूरकर_क्लासवाले
रेल्वेची रिटायरिंग रूम का कुणी सांगेना? पीएनआर टाकून ऑनलाईन बुक होते. पहाटे तिथेच अंघोळ करा, नऊला थेट कोर्टात, हॉटेल संध्याकाळी घ्या. मुलीला परीक्षेला नेलं तेव्हा आम्ही असंच केलं.

सिडको_एन_पाच
तुमच्या मुलीला जिने चढता येतात. खोली वर मिळाली तर वॉकर कोण उचलणार? शिवाय कोर्टात दिवसभर बॅगा वागवायच्या का?

ताई, माझं ऐका. जालना रोडला, खंडपीठाच्या आसपास किंवा सिडकोत हॉटेल बघा आणि आदल्या रात्रीपासूनच बुक करा. एका रात्रीचं भाडं जास्त जाईल, पण पहाटे खोली तयार मिळेल, अप्पा चार तास पडतील. हॉटेलला फोन करून 'पहाटे साडेचारला पोचतोय' असं सांगून ठेवा, नाहीतर आलेच नाहीत म्हणून खोली दुसऱ्याला देतात. हॉटेल रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे तेही विचारा. जालना रोड वॉकर घेऊन ओलांडायचा नाही. पलीकडे असलं तर शंभर पावलांसाठीसुद्धा रिक्षाच करा.

पूर्णाकाठ
आणि मागच्या बाजूची खोली मागा. रस्त्याकडच्या खोलीत रात्रभर ट्रकचे हॉर्न. खाली लग्नाचा हॉल असला तर त्या तारखेला लग्न आहे का तेही विचारा. पाण्याचंही विचारा, शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हॉटेलं टँकरवर चालतात. गरम पाणी चोवीस तास की सकाळी सहा ते नऊच, हे नक्की करून घ्या. तुम्हाला पाचलाच लागेल.

लातूरकर_क्लासवाले
बिल बघून घ्या. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. कुणी अजून बारा लावला तर विचारा.

बिदकीन_फाटा
अ‍ॅपवर बुक करणार असाल तर एक सांगतो. जुन्या नावाने शोधलं की बिहारमधलं औरंगाबादही येतं. माझ्या भाच्याने तिथलं हॉटेल पैसे भरून बुक केलं, पैसे परत मिळाले नाहीत. पत्त्यात महाराष्ट्र आणि पिनकोड ४३१ ने सुरू होतो का बघा.

वेरूळवाटा
निकाल लागला की तारा पान खाऊन जा, उस्मानपुऱ्यात.

जालन्याचा_भाऊ
खंडपीठ झालं म्हणून बरं. १९८१ च्या आधी गंगाखेडच्या माणसाला याच कामासाठी मुंबई गाठावी लागायची. माझे वडील गेलेत मुंबईला, बसने, सोबत दशम्या बांधून. तेव्हा हॉटेल कसलं न काय, ओळखीच्यांच्या चाळीत झोपायचे.

गंगाखेडची_लेक
सगळ्यांचे आभार. आज दुपारी चार हॉटेलांना फोन केले. दोघांनी 'सगळं आहे मॅडम' म्हणून फोन ठेवला. एकाची लिफ्ट बंद. चौथं जालना रोडवर, खंडपीठाच्याच बाजूला, कमोड आहे, पाचला गरम पाणी देतो म्हणाले. आदल्या रात्रीचं अर्धं भाडं घेणार आहेत. बाथरूमचा फोटो मागितला, तो आत्ता आला. दारात पायरी आहे, चार बोटं उंच. फरशी गुळगुळीत दिसतेय. घेऊ का?

पूर्णाकाठ
चार बोटं चालतील. कमोडच्या बाजूला धरायला दांडी आहे का ते बघा. नसली तर प्लास्टिकची खुर्ची आत ठेवायला सांगा, हाताची. बिनहाताची नको. आणि घरून एक रबरी पायपुसणं आणा, हॉटेलचं सरकतं.

गंगाखेडची_लेक
दांडी नाही. खुर्चीचं आत्ताच सांगते.