एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन लोकप्रिय साहित्य म्हणजे रद्दी? कोणी ठरवलं?

जुनी_पानं
काल इथे एका सदस्याने लिहिलं की त्या शतकातल्या अमेरिकेचं वाचायचं तर मेलव्हिल, हॉथॉर्न, इमर्सन असे मोठे लेखक वाचा, बाकी दहा सेंटच्या कादंबऱ्या आणि विनोदी साप्ताहिकं ही रद्दी, विसरली गेली ते बरंच झालं. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, १८५१ ची मोबी-डिक ही कादंबरी मेलव्हिलच्या हयातीत तीनेक हजार प्रती खपली, शेवटी बिचारा न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये नोकरीला लागला. पुढच्याच वर्षी गुलामगिरीविरुद्धचं अंकल टॉम्स केबिन पुस्तकरूपात आलं आणि एका वर्षात नुसत्या अमेरिकेत तीन लाख प्रती गेल्या. त्या काळच्या लोकांच्या मनात काय चाललं होतं हे बघायला यातलं कुठलं पुस्तक उघडायचं? हॉथॉर्नने १८५५ मध्ये आपल्या प्रकाशकाला पत्र लिहून खरडणाऱ्या बायकांच्या झुंडीला शिव्या घातल्या, ते सगळ्यांना पाठ असतं. पण थोड्याच दिवसांत त्याच प्रकाशकाला त्याने लेखिका फॅनी फर्नची रूथ हॉल ही कादंबरी आवडल्याचं कळवलं, ते कोणी सांगत नाही. रूथ हॉल म्हणजे विधवा बाई, सासर-माहेर दोघांनीही हात वर केलेले, ती पेपरात लिहून पोरी वाढवते. आणि हे फर्नच्या स्वतःच्या आयुष्यातलं होतं. पुढे न्यूयॉर्क लेजर या साप्ताहिकाचा मालक बॉनर तिला एका कॉलमचे १०० डॉलर मोजायचा.

आणि डाइम नॉव्हेल, म्हणजे त्याच दहा सेंटच्या कादंबऱ्या. बीडल या प्रकाशकाची पहिली १८६० ची, ॲन स्टीफन्सची मलाएस्का. एक इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ जमातीची बाई गोऱ्या शिकाऱ्याची बायको, नवरा मरतो, ती लेकराला घेऊन मॅनहॅटनला सासऱ्याकडे जाते. तो नातू ठेवून घेतो, पण हिने त्याची आई आहे हे कधी सांगायचं नाही, दाई म्हणून राहायचं. पोरगा इंडियन लोकांचा द्वेष करत मोठा होतो, लग्नाच्या तोंडावर आई कोण ते कळतं आणि जीव देतो. ही तुमची रद्दी?

खडूस_वाचक
तो सदस्य मीच. खप म्हणजे दर्जा नव्हे, हे अजून किती वेळा लिहायचं? मलाएस्का तुम्ही बरोब्बर निवडून काढलीत, कारण ती डाइम नॉव्हेलसाठी लिहिलेलीच नव्हती, वीसेक वर्षं आधी एका बायकांच्या मासिकात येऊन गेलेली. त्याच वर्षी आलेली सेथ जोन्स तुफान खपली आणि पुढे तोच साचा चालला, जंगल, गोरा हीरो, पळवलेली मुलगी, मेलेले इंडियन. पोरं हे वाचून मोठी झाली आणि तिकडे खऱ्या जमाती राखीव प्रदेशात कोंबल्या जात होत्या. याला नुसता टाइमपास म्हटलं हा माझा सौम्यपणा होता. आणि तुमच्या अंकल टॉमचं काळा लेखक जेम्स बॉल्डविनने १९४९ मध्येच काय केलं ते वाचा, गळेकाढू भावनाबाजीत माणूस कसा हरवतो ते.

जुनी_पानं
वाचलंय. पण बॉल्डविनला शंभर वर्षांनी त्याच पुस्तकाशी भांडावंसं वाटलं ना? रद्दीशी कोण भांडतं? आणि फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांची प्रथा मोडणाऱ्या अमेरिकनांना. ते लोकमत घडवायला इमर्सनचे निबंध एकटे पुरले नसते.

प्रूफवाली_मावशी
कादंबऱ्यांचं मान्य, पण विनोदाचं नको कौतुक. ते पेपरांतले विनोदी लेखक, आर्टेमस वॉर्ड, जोश बिलिंग्स, नॅस्बी, सगळ्यांची युक्ती एकच, स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं. दोन पानांत कंटाळा येतो. मी जन्मभर प्रुफं तपासली, एका दैनिकात माझ्यासमोर संपादक म्हणाले की आता ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतं, त्या दिवसापासून लेखनातला निष्काळजीपणा हा विनोद म्हणून खपवलेला मला सहनच होत नाही. शाळेतही आता मुलांना...

वऱ्हाडी_ठेचा
मावशी, थांबा जरा. अशुद्ध कोणाचं? पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा वर्गात उभं राहून उत्तर दिलं, बरोबर उत्तर होतं, तरी अख्खा वर्ग हसला, मॅडमसकट. नंतर वर्षभर तोंड उघडलं नाही मी. त्यामुळे कोणी ‘अशुद्ध’ म्हटलं की माझं टाळकं सरकतं. आमची बोली तुमच्या नाटकांत फक्त नोकराच्या तोंडी असते.

प्रूफवाली_मावशी
मी बोलीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. लेखन आणि बोली यातला फरक कळत नसेल तर उगाच माझ्या अंगावर येऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा
कळतो. हसणाऱ्यांना कळत नाही.

जुनी_पानं
दोघंही ऐका. वॉर्ड हे टोपणनाव, लेखक चार्ल्स ब्राउन. त्याचं पात्र मेणाचे पुतळे घेऊन गावोगाव खेळ लावणारा अडाणी माणूस. युटिका गावात एक दांडगट शेवटच्या भोजनाच्या देखाव्यातला ज्यूडास, येशूला दगा देणारा शिष्य, बाहेर ओढून बुकलून काढतो, आमच्या गावात ज्यूडासला थारा नाही म्हणून, आणि वॉर्ड बडबडतो की अरे हा मेणाचा आहे. २२ सप्टेंबर १८६२ ला लिंकनने मंत्रिमंडळ बोलावलं आणि आधी ही गोष्ट वाचून दाखवली. अर्थमंत्री चेसच्या डायरीत आहे, युद्धमंत्री स्टँटन सोडून सगळे हसले. मग लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा वाचला. नॅस्बीचं तर उलटं होतं, ते पात्र गुलामगिरीचं समर्थन करतं आणि त्याचं मोडकंतोडकं स्पेलिंग हाच लेखकाचा हल्ला. बोली कुणाच्या तोंडी आणि हसू कुणावर, तेवढं बघा.

न्यूजर्सीचा_नाना
तेवढं बघायचं तर पूर्ण बघा. माझ्याकडे ‘पक’ या विनोदी साप्ताहिकाचे काही जुने अंक आहेत, इथल्या एका जुन्या सामानाच्या सेलमध्ये मिळाले. व्यंगचित्रकार केप्लरचं रंगीत लिथोग्राफ (दगडी छापाचं चित्र) मधल्या दोन पानांवर पसरलेलं, आजही रंग टवटवीत, हात फिरवावासा वाटतो. पान उलटलं की आयरिश माणूस माकडाच्या तोंडाचा, काळा माणूस जाड ओठांचा, खाली तोडकी भाषा. त्या भाषेवर हसायला दहा सेंट मोजायचे लोक. हार्पर्स वीकलीत टॅमनी हॉल या न्यूयॉर्कच्या राजकीय टोळीच्या भ्रष्ट पुढारी ट्वीडला जेरीस आणणारा व्यंगचित्रकार नॅस्टही आयरिश काढायचा तर माकडच. माझी मुलगी इथल्या शाळेत डब्याच्या वासावरून रडत घरी यायची, मला हे ‘लोकांच्या मनात काय होतं’ वगैरे गोड करून सांगू नका.

खडूस_वाचक
नानांनी माझंच म्हणणं मांडलं.

न्यूजर्सीचा_नाना
नाही मांडलं. तुम्ही विसरा म्हणता, मी ते अंक जपून ठेवलेत. मुलगी मोठी झाल्यावर तिला दाखवलेही. १८८४ ला याच ‘पक’ने राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ब्लेनच्या अंगभर त्याची लफडी गोंदवून काढली आणि तो न्यूयॉर्क राज्यात हजार-अकराशे मतांनी पडला, राष्ट्राध्यक्षपद गेलं. तेच साप्ताहिक, तोच छापखाना. अर्धं फेकून अर्धं ठेवता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आणि मार्क ट्वेनची हकलबेरी फिन? सगळं पुस्तक एका पोराच्या बोलीत. १८८५ मध्ये काँकर्डच्या ग्रंथालयाने तेच गावंढळ म्हणून काढून टाकलं. काँकर्ड म्हणजे इमर्सनचं गाव, खडूसराव. ट्वेनला वर आणणारी हीच पेपरातली विनोदी परंपरा. मावशी, तुम्ही प्रूफ तपासलं असतंत तर अख्खं पुस्तक लाल झालं असतं.

प्रूफवाली_मावशी
ट्वेनने प्रत्येक पात्राची बोली वेगळी आणि नेमकी ठेवली, ती काळजी आहे, निष्काळजीपणा नाही. तिथे मी एक काना बदलला नसता. वॉर्डला मात्र माझे गुण मिळणार नाहीत, लिंकन हसला तरी. आणि तुमच्या त्या मॅडम चुकल्या, हे मला आधीच म्हणायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर म्हणते.

वऱ्हाडी_ठेचा
वाटतं. ठीक आहे.

खडूस_वाचक
धागा कुठून कुठे गेला. असो. ‘विसरली गेली ते बरं’ एवढं वाक्य मागे घेतो, कारण नानांचा मुद्दा खोडता येत नाही. दर्जाबद्दल तसूभर हलणार नाही. सेथ जोन्स वाचून दाखवा आणि मग बोला.

जुनी_पानं
नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाने डाइम नॉव्हेल स्कॅन करून फुकट ठेवल्यात. सेथ जोन्स मी वाचतो, तुम्ही रूथ हॉल वाचा. पूर्ण. मग इथेच भांडू.