मदत हवी आहे: अंग लवचीक, पण ताकद नाही. घरच्या योगासनांचा मेळ कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

वय ४३, मुक्काम नाशिक, दिवसभर खुर्चीतली नोकरी. आसनं बरीच वर्षं करते. आधी वर्गात जायचे, आता सकाळी घरीच, डबे व्हायच्या आत जो पाऊण तास मिळतो तेवढा.

अंग माझं मुळातच लवचीक. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याच्याही पुढे जातं, उत्तानासनात दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात, अंगठा दाबला तर हाताला आतून चिकटतो आणि कोपर सरळ केलं की चक्क उलटं वाकतं. वर्गात याचं कौतुकच व्हायचं, सगळ्यांसमोर करून दाखवायला मलाच उभं करायचे. पण चतुरंग दंडासनात, म्हणजे जोरासारखं कोपरं वाकवून अंग सरळ ठेवत जमिनीजवळ येताना, मी खाली येत नाही, सरळ पडते. नौकासनात दोन-चार श्वासांत पोट थरथरायला लागतं. वीरभद्रासनाच्या तिसऱ्या प्रकारात, एका पायावर तोल सांभाळताना, तर उभ्या पायाकडचं कंबरेचं हाड बाहेर निसटतं आणि मी भिंत शोधते.

हे असंच चाललं असतं, पण काही महिन्यांपासून उजव्या बाजूला, बसल्यावर ज्या हाडावर भार येतो तिथे खोलवर दुखतंय. खुर्चीत जास्त वेळ बसलं किंवा स्कूटर चालवली की वाढतं. पुढे वाकलं की तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त ठणकतं. ओळखीतल्या एका शिक्षकांचं म्हणणं, "शीर आखडली आहे, अजून ताणा." ज्या बाईचं कपाळ गुडघ्यापुढे जातं तिची शीर आखडलेली कशी, हे मला काही कळलेलं नाही.

नवरा बरोब्बर उलटा. शाळेत असल्यापासून तालमीत जायचा, जोर-बैठका अजून मारतो, दोन्ही हातांवर अंग तोलायचं मयूरासन लीलया करतो. पण साध्या दंडासनात, पाय समोर सरळ पसरून, बसला की पाठीचं धनुष्य होतं आणि गुडघे वर येतात. आम्ही दोघं एकाच हॉलमध्ये, मोबाईलवर एकच व्हिडिओ लावून, एकच क्रम करतो. त्यातलं त्याला सोपं ते तो मन लावून करतो, मला सोपं ते मी.

तर प्रश्न असे. पुढे वाकणारी आसनं मी बंद करावीत का? ताकद आसनांतूनच येईल की वजनं उचलावी लागतील? आणि दोघांना मिळून एकच क्रम चालेल का? वेगवेगळं करायला ना जागा आहे ना वेळ.

खारीबटर: ताई, सूर्यनमस्कार घाला, बाकी सगळं विसरा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी एवढा प्रचार केला तो उगाच नव्हे. फक्त आजकाल घालतात तसे धावत्या गाडीत चढल्यासारखे नको. एकेका स्थितीत दोन श्वास थांबा. बारा घालून दाखवा, मग बोलू ताकदीवर.

सांधेवाली: मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे बसून निदान करणार नाही, प्रत्यक्ष दाखवाच. पण वर्णन ओळखीचं आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा चिवट दोर) त्याच बैठकीच्या हाडाला चिकटलेला असतो. कंबरेतून खोल वाकलं की तो ताणला जातो आणि वर हाडावर दाबलाही जातो. म्हणून ताणल्यावर घटकाभर बरं वाटतं आणि नंतर दुखणं उसळतं. असं असेल तर आणखी ताणणं म्हणजे खपली काढत बसणं. खोल पुढे वाकणं काही आठवडे बाजूला ठेवा. त्याजागी सेतुबंधासन: पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, पाय नेहमीपेक्षा थोडे पुढे, टाचा जमिनीत रोवून कंबर वर आणि तशीच धरून ठेवायची. किंचित दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको. तसं झालं तर भार कमी करा. कंडरा सावकाश सुधारतो, महिने लागतात.

खारीबटर यांना: हेतू चांगला, पण एका सूर्यनमस्कारात दोनदा हस्तपादासन, म्हणजे उभ्यानं पूर्ण पुढे वाकणं, येतं. बारा म्हणजे चोवीस वेळा वाकणं. सध्या त्यांना नको.

आणखी एक. अंगठा, कोपर, तळवे हे जे लिहिलंय, ते सांध्यांच्या अतिलवचिकतेच्या बेटन चाचणीतले मुद्दे आहेत. एकूण गुण ९. तुमचे किती होतात ते तपासून घ्या. पायात मुंग्या येणं, बधिरपणा, पाय लुळा वाटणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, आसनं नंतर. लघवीवरचा ताबा जातोय असं वाटलं तर त्याच दिवशी.

पट्टा_आणि_वीट: मी अय्यंगार पद्धतीनं, म्हणजे पट्टा, वीट, घोंगडी यांचा आधार घेत, शिकले, आता थोडंफार शिकवते. ताई, एक करून बघा. सुप्त पादांगुष्ठासनात, म्हणजे पाठीवर झोपून, तळव्याला अडकवलेल्या पट्ट्यानं एक सरळ पाय जरासाच वर आणा, दुखरी जागा ओढेपर्यंत नको. मग पट्टा सोडा. पाय तिथेच राहतो की खाली येतो? जेवढा खाली आला, तेवढी लवचिकता तुमच्याकडे आहे, पण ती तुमच्या ताब्यात नाही. काम करायचं ते त्याच मधल्या टप्प्यात.

क्रम एकच ठेवा, सूचना दोन. दंडासनात यजमानांना दोन घड्यांच्या घोंगडीवर बसवा, पट्टा तळव्यांना, गुडघे थोडे वाकलेले चालतील. तुम्ही त्याच वेळी बसण्याऐवजी सेतुबंध करा, गुडघ्यांमध्ये वीट (योगासाठी मिळते ती हलकी) दाबून. उत्कटासनातही, खुर्चीत बसल्यासारखं उभ्यानं गुडघे वाकवताना, वीट. त्रिकोणासनात हात जमिनीला न टेकवता विटेवर, आणि गुडघा मागे लोटून कुलूप लावायचं नाही, अगदी नकळत वाकलेला ठेवायचा. अधोमुख श्वानासनात कोपरांचंही तेच. शलभासन, पोटावर झोपून पाय वर उचलायचं ते, रोज करा, ते दोघांनाही लागतं. कौतुकाची आसनं थोडे दिवस कपाटात.

दोरीचा_मल्लखांब: वजनं लागतील का? माझं मत, हो. आसनांत ढकलणं भरपूर आहे, ओढणं जवळपास नाही. हातांनी स्वतःकडे काही खेचायचं असं कुठलं आसन आठवतंय का बघा. त्यामुळे पाठीचा वरचा भाग कच्चा राहतो. बारला नुसतं लटकलात तरी सुरुवात होते. तुमचे सांधे सैल आहेत, तेव्हा पाय स्टुलावर ठेवून, खांदे कानांपासून खाली ओढून. इलॅस्टिक पट्टा दाराच्या कडीला बांधून ओढा. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी द्या म्हणते. चाळिशीनंतर बायकांनी तर हाडांसाठीही हे टाळू नये.

खारीबटर: चोवीस वेळा हे मी मोजलंच नव्हतं. मागे घेतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. पट्ट्याचा प्रयोग लगेच केला. डावा पाय थोडा खाली आला, उजवा धाडकन गादीवर. मुंग्या वगैरे काही नाहीत, तरी फिजिओची वेळ घेतली आहे. नवरा घोंगडीवर बसला आणि म्हणाला, "एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलं?" आता वीट शोधतेय. तोवर मुलाचं जाडजूड गाईड चालवलं, निसटतं पण चालतं.

एकच राहिलं. चतुरंग सध्या सोडूनच देऊ की सोपा करून करू?

पट्टा_आणि_वीट: सोपा करा. ओट्याच्या कडेला तळवे ठेवून तिरकं उभं राहा, चार मोजत खाली, कोपरं फासळ्यांजवळ. खाली जाणं सावकाशच. ओटा जमला की भक्कम खुर्ची, तीही भिंतीला टेकवलेली. मग जमीन, तिथे वर येताना हवं तर गुडघा टेका. दर वेळी कोपर सरळ झालं की उलटं जाण्याआधी थांबायचं, ते यजमानांना बाजूने बघायला सांगा. आरशात कळत नाही.

सांधेवाली: +१. आणि ऑफिसच्या खुर्चीतून दर अर्ध्या तासानं उठा. उशी मऊ घ्या.