मदत हवी आहे : पाठाचा क्रम बदलला तर टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) लिहायचं कसं?

कुडाळ-मालवणकडच्या द्विशिक्षकी शाळांत मराठी शिकवणाऱ्यांना विचारायचं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ अभ्यासक्रम वेळेत पुरा करा म्हणतं, आणि मुलाची कुवत पाहून जादा मार्गदर्शनही करायला सांगतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अध्यापनपद्धती निवडायची मोकळीक देतं. कागदावर.

अडतं ते असं : तिसरी-चौथी एकत्र, घरात मालवणी. ‘माका व्हया’ म्हणणारं मूल ‘मला हवं’ लगेच लिहीत नाही. म्हणून आधी दहा मिनिटं मालवणीत गप्पा, मग त्यातलीच पाच वाक्यं फळ्यावर दोन रकान्यांत, शेवटी वहीत प्रमाण मराठी. असं केलं की दोन तासिकांचा पाठ चार तासिका खातो. त्यात जुलैत अतिवृष्टीच्या सुट्ट्या. संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, मात्र ठरल्या दिवशीच.

क्रम बदलल्याचं कारण टाचणात कोणत्या शब्दांत लिहिता, म्हणजे केंद्रप्रमुखांची (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्यांची) हरकत येत नाही? आकारिकच्या (सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) तोंडी कामात मालवणी उत्तराला पूर्ण गुण देता का? तयार टाचण वापरणाऱ्यांनीही सांगा, त्यात वेळ खरंच वाचतो का. नमुना असेल तर पानाचा फोटो टाका, अक्षर वाचता येईल असा.