गेममधल्या भिंतींसाठी नेटवरचे फोटो उचलणं कितपत बरोबर?

कौलारू

आम्ही चार जण मिळून एक छोटा थ्रीडी गेम करतोय. कोकणातलं जुनं घर, अंगण, मागची विहीर, एवढाच परिसर. त्यासाठी साधारण ४० टेक्स्चर (थ्रीडी मॉडेलवर चढवायची पृष्ठभागाची चित्रं) लागतील: जांभ्याचे चिरे, चुन्याचा हात दिलेली भिंत, सारवलेली जमीन, मंगलोरी कौलं, विहिरीच्या काठावरचं शेवाळ, सागवानी दार. त्यातली १७ तयार आहेत, पण ती सगळी पर्यटनाचे ब्लॉग आणि इमेज सर्चमधून घेतलेल्या फोटोंवरून केलेली आहेत.

यावरून टीममध्ये दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं असं की, फोटोतला हातभर तुकडा कापला, रंग बदलला, सीमलेस (जोड न दिसता शेजारी शेजारी लावता येईल असा) केला, त्यात आणखी दोन फोटो मिसळले, की मूळचं काय उरलं? शिवाय जांभ्याच्या भिंतीवर कोणाची मालकी कशी असेल? दुसरी बाजू म्हणते, विचारल्याशिवाय घेतलं ते घेतलंच. गेम विकायचा आहे, त्यामुळे कायदा आणि नीती दोन्ही अंगांनी सांगा. आणि तयार १७ टेक्स्चरचं काय करायचं?

दगडीचौथरा

भिंतीवर फोटोग्राफरचा हक्क नसतो, फोटोवर असतो. उद्या तुम्ही त्याच भिंतीसमोर उभं राहून स्वतः फोटो काढलात तर कोणी अडवणार नाही. कुठे उभं राहायचं, ऊन कुठल्या बाजूने हवं, कुठला भाग घ्यायचा हे त्या माणसाने ठरवलं, आणि तुम्हाला त्याचंच फळ हवं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृतीच आहे, मग तिच्यात कलागुण असोत वा नसोत. साध्या भिंतीचा साधा फोटोही त्यात आला.

'मूळचं काय उरलं' याचं उत्तर कॅपकॉम या गेम कंपनीच्या प्रकरणात सापडेल. ज्युडी जुरासेक या डिझायनरने १९९६ मध्ये 'सर्फेसेस' नावाचं पुस्तक काढलं. दगड, लाकूड, काच, गंजलेलं लोखंड अशा पृष्ठभागांचे तिने स्वतः काढलेले फोटो, सोबत सीडी. कलाकारांनी अभ्यासासाठी वापरावं म्हणूनच ते काढलेलं होतं, पण व्यावसायिक कामासाठी वेगळा परवाना घ्यावा लागे, असं तिचं म्हणणं. २०२१ च्या जूनमध्ये तिने अमेरिकेत कनेक्टिकटच्या न्यायालयात दावा लावला की, तिचे किमान ८० फोटो कॅपकॉमच्या गेममध्ये, मुख्यतः 'रेझिडेंट ईव्हिल ४' मध्ये, २०० हून जास्त ठिकाणी वापरले आहेत. २०२२ च्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं, त्यामुळे न्यायालयाचा निकाल असा काही आला नाही.

त्यातली एक गोष्ट नीट बघा. गेमच्या नावाच्या अक्षरांमध्ये तडकलेल्या काचेची नक्षी आहे. काच फुटते तेव्हा तडे कुठून फुटतील, कुठे एकमेकांना छेदतील, कुठे बारीक त्रिकोणी कपची राहील, हे पुन्हा जसंच्या तसं कधीच घडत नाही. फोटो आणि अक्षरं शेजारी ठेवली की तडे जुळतात. रंग बदलून, अक्षराच्या आकारात कापूनही ते पुसले जात नाहीत. तुमच्या जांभ्यातली भोकंही तशीच आहेत. प्रत्येक चिऱ्याची भोकं वेगळी, आणि ज्याने तो फोटो तासभर एडिट केलाय तो ती ओळखतो. शिवाय २०२० मध्ये कॅपकॉमच्या सर्व्हरवर हल्ला होऊन फाइली बाहेर आल्या होत्या. त्यातल्या किमान एका फाइलचं नाव सीडीवरच्या फाइलच्या नावाशी जुळतं, असंही दाव्यात म्हटलं होतं. गेम आला होता २००५ मध्ये, म्हणजे दावा १६ वर्षांनी लागला.

रंगपेटी

चौथरा, मुद्दा पटला, पण सगळ्याला एकाच मापाने मोजू नये. कॉन्सेप्ट आर्टमध्ये फोटोबॅशिंग ही रुळलेली पद्धत आहे. दिग्दर्शकाला संध्याकाळचं अंगण कसं दिसेल हे दाखवण्यासाठी दहा फोटो जोडून एक चित्र केलं, ते टीमपुरतंच राहिलं, त्यावरून मॉडेल आणि टेक्स्चर नव्याने केली, तर कोणाचं नुकसान झालं असं मला वाटत नाही. फोटो समोर ठेवून अभ्यास करणं आणि त्याचे पिक्सेल गेममध्ये भरणं यात मोठं अंतर आहे. १७ टेक्स्चर हा दुसरा प्रकार आहे. तिथे माझंही मत चौथऱ्यासारखंच.

एक सावधानता मात्र हवीच. ते कॉन्सेप्ट चित्र पुढे स्टोअरच्या पानावर किंवा क्राउडफंडिंगच्या पोस्टरवर गेलं, की ते टीमपुरतं राहिलं नाही. घाईच्या वेळी हमखास हेच होतं, कारण तयार देखणं चित्र तेवढंच असतं. म्हणून अशा फाइलच्या नावातच 'फक्त अंतर्गत' असं लिहून ठेवा.

पैसे नसताना काय करता येतं याची दोन उदाहरणं. १९९३ च्या 'डूम' मध्ये बऱ्याच बंदुका म्हणजे खेळण्यातल्या बंदुकांचे फोटो आहेत, आणि काही राक्षस मातीच्या मूर्ती घडवून, त्या कॅमेऱ्याने टिपून आत आणले. २००१ च्या 'मॅक्स पेन' मध्ये नायकाचा चेहरा लेखक सॅम लेक यांचा, आणि चित्रकथेच्या चौकटींत टीममधली आणि ओळखीची माणसं. चेहरा ज्याचा, त्याला माहीत होतं.

सारवण

तुमची यादी बघता निम्म्याहून जास्त टेक्स्चर दोन दिवसांत स्वतः काढता येतील. नेटवरच्या फोटोपेक्षा ती चांगलीही होतील. कारण तांत्रिक आहे. ब्लॉगवरचा फोटो आधीच दाबलेली जेपेग असते. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबली जाते. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण त्यावरून नॉर्मल मॅप (सपाट भिंतीवर उंचसखलपणाचा आभास देणारं चित्र) काढला की भिंतीवर बारीक जाळी उमटते. वर फोटोत उन्हाची सावली असतेच. गेममधला दिवा डावीकडे आणि भोकांतली सावली मात्र उजवीकडे, असं झालं की भिंत खोटी वाटते, आणि कारण पटकन सापडत नाही.

जांभ्यासाठी:

ऊन पडलेल्या भिंतीचा फोटो नको. ढगाळ दिवस, नाहीतर सकाळी ऊन यायच्या आधीची भिंत. पावसात दगड ओला, काळपट आणि चकाकता असतो, म्हणून पाऊस संपून भिंत पूर्ण वाळल्यावर जा. भोकं खोल असल्याने एका फोटोवर भागत नाही, फोटोग्रामेट्रीच (अनेक फोटोंवरून सॉफ्टवेअरने थ्रीडी आकार काढणं) करा. २ बाय २ मीटरचा भाग, एपीएस-सी कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, दीड मीटर अंतर. एका फ्रेममध्ये साधारण १ मीटर रुंदी येते. शेजारच्या फ्रेमशी ७० ते ७५ टक्के भाग सामाईक ठेवला तर ९० ते १२० फोटो होतात. एफ ८, आयएसओ १०० किंवा २००, ट्रायपॉड, रॉ फॉरमॅट. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरा आणि व्हाइट बॅलन्स पुढे हलवू नका. भिंतीला समांतर सरका. एका जागी उभं राहून कॅमेरा नुसता फिरवलात तर सॉफ्टवेअरला खोली कळत नाही.

मोबाइलवरही जमतं, पण एचडीआर बंद करा आणि एक्स्पोजर लॉक करा. मोबाइल आपणहून कडा तीक्ष्ण करतो. त्याने प्रत्येक भोकाभोवती पांढरी किनार येते आणि नॉर्मल मॅपमध्ये ती उंचवटा होऊन बसते.

सीमलेस करताना पूर्ण थर मोजूनच कापा. चिऱ्यांचे सहा थर तर सहाच, साडेसहा नकोत, नाहीतर जोडावर अर्धा चिरा अर्ध्या चिऱ्यावर बसतो. मग ४०९६ चं चित्र २०४८ पिक्सेलने सरकवून मधला सांधा पुसा. डोळ्यात भरणारा एखादा पांढरा डाग असेल तर तो काढून टाका, तो दर दोन मीटरवर पुन्हा दिसतो.

सारवलेल्या जमिनीचा त्रास वेगळा. हाताने सारवताना बोटांच्या अर्धगोल रेघा एकापुढे एक उमटतात. छोटा तुकडा घेतला तर त्या रेघांचं वॉलपेपर होतं. दोन मीटरचा तुकडा घ्या, तसे तीन वेगवेगळे करा आणि गेममध्ये मिसळा. ओलं सारवण हिरवट गडद असतं, पूर्ण वाळल्यावरच काढा. वरून काढताना स्वतःची सावली पडते, तेव्हा कॅमेरा आडव्या काठीवर पुढे धरा. आणि ज्यांचं अंगण त्यांना आधी विचारा, कशासाठी हवंय तेही सांगा. सारवणाऱ्या बाईंचं नाव श्रेयनामावलीत यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण ती नक्षी त्यांच्या हाताची आहे.

शेवाळाचा उंचीनकाशा (कुठे उंच, कुठे खोल हे सांगणारं चित्र) कधीही गडद-फिकटपणावरून काढू नका. शेवाळ गडद म्हणून सॉफ्टवेअर तिथे खड्डा करतं. प्रत्यक्षात ते फुगून वर आलेलं असतं.

पानोपानी

विकत किंवा फुकट मिळणाऱ्या फोटोंबद्दल लिहितो, घोळ इथेच जास्त होतो. खालचं 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, मालकाने ठरावीक अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी.

सीसी-झिरो: काहीही करा, श्रेयाचीही अट नाही. पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या साइटवरची टेक्स्चर याच परवान्याची आहेत. चुना, माती, लाकूड यांसाठी तिथे आधी बघा. जांभा स्वतः काढलेलाच बरा.

सीसी-बाय: मूळ फोटोग्राफरचं नाव, दुवा, परवाना आणि 'बदल केले आहेत' हे लिहायचं. 'फोटो: इंटरनेट' हे श्रेय नव्हे.

सीसी-बाय-एसए: विकिमीडिया कॉमन्सवर हे ढिगाने सापडतात आणि फुकट म्हणून लोक उचलतात. त्या फोटोवरून केलेलं टेक्स्चर तुम्हालाही त्याच परवान्याखाली खुलं करावं लागतं. शिवाय ते घेणाऱ्याला मिळालेले हक्क अडतील असं कुलूप लावता येत नाही, म्हणून डीआरएम (कॉपी रोखणारी यंत्रणा) असलेल्या गेममध्ये पंचाईत होते.

एनसी (व्यावसायिक वापर नाही) असेल तर विकायच्या गेमसाठी विसरा. एनडी (बदल नाही) असेल तर कापून, रंग बदलून ते पुढे देताच येत नाही, मग फोटोग्राफरचं नाव कितीही ठळक लिहा.

जुन्या फोटोंबद्दल: भारतात फोटोची मुदत पूर्वी प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं होती, २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फोटोग्राफरच्या हयातभर आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं झाली. म्हणजे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेला फोटोही अजून मुदतीत असू शकतो. शिवाय गेम परदेशातही विकला जाणार, आणि तिथली मुदत वेगळी असू शकते.

घराच्या भिंतीवर कोणी रंगवलेलं चित्र असेल तर तो प्रश्न निराळा. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा आणि वास्तूचा फोटो काढायला आपल्या कायद्यात सूट आहे, रंगवलेल्या चित्राला ती नाही. तिथे चित्रकाराला विचारायचं. तसंच माणसांचे चेहरे, दुकानाच्या पाट्या, दारावरचं आडनाव हे टेक्स्चरमधून काढूनच टाका.

रंगपेटींच्या 'टीमपुरतं' या मुद्द्याला एक जोड. २०२५ च्या मे महिन्यात बंजी या कंपनीच्या 'मॅरेथॉन' मध्ये एका स्वतंत्र कलाकाराची जुनी पोस्टर-डिझाइन सापडली. कंपनीने मान्य केलं की आधीच्या एका कलाकाराने ती टेक्स्चर शीटमध्ये घातली होती. माणूस सोडून गेला, शीट मागे राहिली. म्हणून प्रत्येक टेक्स्चरची नोंद ठेवा: फाइलचं नाव, कोणी केलं, मूळ फोटो कुठला, कोणाचा, परवाना, डाउनलोडची तारीख, आणि त्या दिवशीच्या परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट. साइट अटी बदलतात, तेव्हा तो स्क्रीनशॉटच कामी येतो.

कौलारू

सगळ्यांचे आभार. जांभा, सारवण आणि कौलं आम्हीच काढू. पण १७ पैकी पाच-सहा अशी आहेत की फोटो नेमका कुठला हेच आता आठवत नाही. त्यावर बराच हात फिरवला आहे. तीही टाकायची?

दगडीचौथरा

हो, टाकायची. कोणाचा फोटो हे माहीत नसलं तरी तो कोणाचा तरी आहेच. टाकण्याआधी मूळ डाउनलोड फाइल सापडते का बघा आणि ती रिव्हर्स इमेज सर्चमध्ये (फोटो देऊन तो नेटवर कुठे आहे ते शोधणं) घाला. बदललेलं टेक्स्चर घालून सहसा काही मिळत नाही. मालक सापडला आणि फोटो खरोखर हवाच असेल तर लिहून विचारा. पत्रात चार गोष्टी हव्यात: कुठला फोटो, गेममध्ये कुठे आणि कसा बदलून वापरणार, गेम किती किमतीला विकणार, आणि तुम्ही त्यांना काय देणार. आधीच वापरून झालाय हेही तिथेच सांगा. 'हो चालेल' एवढ्या मेसेजवर थांबू नका, व्यावसायिक वापर आणि बदल करण्याची परवानगी हे दोन्ही त्यांच्या उत्तरात शब्दांत यायला हवं. उत्तर आलं नाही तर ते नाही समजा.

सारवण

हात फिरवलेलं सगळंच वाया जात नाही. मास्क (कुठला थर कुठे दिसावा), रफनेसचे आकडे (पृष्ठभाग किती खडबडीत), शेडरची मांडणी (प्रकाशात तो कसा दिसावा) तुमचीच आहे, ती तशीच ठेवा आणि खालचा फोटो बदला. फक्त फोटोवरून काढलेले नॉर्मल मॅप आणि उंचीनकाशे मागे ठेवू नका. मूळ फोटोतले तडे आणि भोकं त्यांच्यातही जशीच्या तशी असतात.